बारा मिनिटांचं इतिवृत्त

सोमवार, २३ जून

गुरुवारच्या, म्हणजे १९ जूनच्या नोंदीत एक चूक आहे, ती दुरुस्त करते. तिथे मी लिहिलं आहे, ‘कागदसर म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, माझी हरकत नाही.’ कागदसर असं काही म्हणाले नाहीत. ते तेव्हा खोलीतच नव्हते.

घरच्या नियमाप्रमाणे जुनं वाक्य खोडलेलं नाही. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ त्यावर मारली आहे आणि शेजारी आजची तारीख घातली आहे. आईने आम्हाला असंच शिकवलं. बाबा पुलांच्या कामावर असायचे. दर दीड-दोन वर्षांनी आमचं बिऱ्हाड हलायचं, आणि जिथे अजून पूल नाही तिथे बहुधा शाळाही नसते. त्यामुळे दहाव्या वर्षापर्यंत माझी आणि दादाची शाळा म्हणजे आई, एक घडीचं टेबल आणि दोन वह्या. खोडरबर आमच्या घरात नव्हतंच. आईचं म्हणणं, चूक झाली तर झाली, पण ती कुठे झाली होती हे उद्या मला दिसलं पाहिजे.

आता जे घडलं ते क्रमाने लिहिते.

पुढच्या वर्षापासून प्रत्येक पदवीच्या माथ्यावर लिहायचं आहे की ही पदवी घेतल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल. त्याला ‘अध्ययन निष्पत्ती’ म्हणतात. इतिहासाच्या पदवीसाठी आमच्या विभागाची समिती आहे. विभागप्रमुख मॅडम अध्यक्ष. सभासद म्हणून कागदसर, आणि प्राचीन व आधुनिक शिकवणारे दोघे. हे दोघे एकाच टेबलावर बसतात, एकाच डब्यातलं खातात आणि एकदमच मान हलवतात, म्हणून त्यांना सगळे ‘जोडी’ म्हणतात. मी सर्वांत नवी, म्हणून सचिव. म्हणजे इतिवृत्त लिहिणारी. शिवाय बाहेरून एक सल्लागार येतात. त्यांच्याकडे क्रियापदांचा छापील तक्ता आहे. निष्पत्तीचं क्रियापद मोजता येण्याजोगं हवं. ‘यादी करेल’, ‘तुलना करेल’, ‘मांडेल’ चालतं. ‘समजेल’ चालत नाही, ‘जाणेल’ चालत नाही. मी एकदा ‘उमगेल’ म्हटलं तर तापाने बरळणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी त्यांचं नाव क्रियापदवाले ठेवलं आहे, अर्थात त्यांच्या माघारी.

कागदसर तिसऱ्या वर्षाला ‘मूळ कागदांचं वाचन’ शिकवतात. बावीस वर्षं शिकवताहेत. दर बुधवारी मुलं अभिलेखागारात जातात, एक गठ्ठा घेतात आणि सहा महिने तोच वाचतात. त्यांनी आपल्या विषयाची एकच निष्पत्ती लिहून आणली होती. ‘जिथे पुरावा संपतो तिथे विद्यार्थी थांबेल, आणि थांबलो असे लिहील.’

क्रियापदवाल्यांनी तक्त्यावरून बोट फिरवलं आणि सांगितलं की ‘थांबणे’ यादीत नाही. थांबणं मोजणार कसं? कागदसर म्हणाले, मोजता येतं. माझ्या खोलीत बावीस वर्षांची पानं आहेत, प्रत्येक मुलाचं एक, आणि कोण कुठे थांबलं ते त्यावर आहे. आणून दाखवतो, दहा मिनिटं द्या. मॅडम म्हणाल्या, या की, सर.

ते तीन चाळीसला उठले. घड्याळ माझ्या समोरच होतं. त्यांची खोली तळमजल्यावर, समिती तिसऱ्यावर, आणि त्यांचा गुडघा सगळ्यांना ठाऊक आहे.

दार लागल्यावर मॅडम म्हणाल्या, तेवढ्यात हे उरकूनच घेऊ. नियम असा आहे की ज्या विषयाला मोजता येणारी निष्पत्ती नाही तो पदवीत राहत नाही. त्याच्या जागी ‘वारसा आणि पर्यटन’ तयारच होता, सहा गुटगुटीत निष्पत्तींसकट. जोडीने मान हलवली. मॅडमनी पुढचा विषय पुकारला. तीन बावन्नला कागदसर परत आले. काखेत तपकिरी फाईल, कपाळावर घाम. ते जागेवर बसले. फाईल मांडीवर ठेवली. परत आल्यावर त्यांनी काही विचारलं नाही.

इतिवृत्तात पाचव्या विषयाखाली मी लिहिलं, ‘सर्वानुमते मान्य.’ आणि घरी येऊन या वहीत त्यांच्या तोंडी एक वाक्य घातलं. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. मग मी कोणाशी खोटं बोलले?

मंगळवार, २४ जून

काल लिहिताना मनात होतं की ‘सर्वानुमते’ मॅडमनी लिहायला लावलं. आज नीट आठवून पाहिलं. त्या फक्त ‘हे झालं’ म्हणाल्या होत्या. शब्द माझा आहे. तोही धड माझा नाही. इतिवृत्ताचा साचा गेल्या वर्षीच्या सचिवांकडून आला, त्यात प्रत्येक विषयाखाली तो आधीपासूनच टाइप केलेला आहे. मला फक्त तो काढायचा होता, आणि काढला तर त्या जागी लिहावं लागलं असतं, ‘कागदसर खोलीत नसताना.’

ते लिहिलं असतं तर मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं असतं. एवढीच भीती. चष्म्यावरून पाहण्याची.

माझी परिवीक्षेची दोन वर्षं पुढच्या महिन्यात संपतात. अहवाल मॅडम लिहिणार. हे इथे लिहून ठेवते, भीतीचं कारण म्हणून ते खरं असेलही.

शुक्रवार, २७ जून

इतिवृत्ताची प्रत घेऊन सह्यांसाठी फिरले. जोडीने एकाच पेनने सही केली. मॅडमनी उभ्या उभ्या केली, आणि म्हणाल्या, तुझं अक्षर पाहिलं की वाटतं कोणीतरी घरी बसवून गिरवून घेतलंय. मी म्हटलं, खरंच तसं आहे. त्या हसल्या. मॅडम वाईट नाहीत. गेल्या हिवाळ्यात मला ताप आला, घसा बसला, तर आठ दिवस माझे तास त्यांनीच घेतले, आणि वर मुलांना सांगितलं की बाई आल्यावर जरा हळू आवाजात वाईट वागा. त्या फक्त घाईत असतात. अठरा जुलैला अभ्यास मंडळ भरतं, त्यात मंजुरीसाठी आमची पदवी वेळेत गेली नाही तर ठपका त्यांच्यावर येणार आहे.

शेवटी कागदसरांची खोली. त्यांनी खुर्ची पुढे केली, चष्मा बदलला आणि चार पानं वाचायला घेतली. मी भिंतीवरच्या नकाशातल्या नद्या मोजत बसले. बारा मोजल्या. मग त्यांनी शिसपेन्सिल उचलली आणि चौथ्या पानावर काहीतरी केलं. खाली सही केली.

ते म्हणाले, “सभा चार पन्नासला संपली. तू साडेचार लिहिलंस. तेवढं दुरुस्त केलंय.”

मी बघितलं. तेवढंच होतं. पाचव्या विषयाशेजारी पेन्सिलीचा ठिपकासुद्धा नव्हता.

ते न वाचता सही करत नाहीत असं सगळा विभाग सांगतो. पण त्यांच्या डोळ्याचं यंदाच ऑपरेशन झालं आहे. पाचवा विषय दुसऱ्या पानाच्या अगदी तळाला आहे आणि माझ्या प्रिंटरची शाई तिथे फिकी पडते. नजरेतून सुटलं असणार.

निघताना त्यांनी सहज विचारलं की तुझं कायम होण्याचं काय. सोळा जुलैला मॅडम अहवालावर सही करणार, मी सांगितलं. बरं बरं, म्हणाले. माझ्या घशाची चौकशी केली.

त्यांच्या सहीची शाई वाळेपर्यंत मी जिन्यावर उभी होते. त्यांनी माझं खोटं वाचलं नाही याचं मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मी इथे मुद्दाम नोंदवते.

सोमवार, ३० जून

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना टाचण कसं घ्यावं ते शिकवलं. ‘तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेलं आणि तुम्हाला वाटलेलं वेगळ्या रकान्यात लिहा,’ असं फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरच्या मुलीने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. मला फळा पुसावासा वाटला.

शुक्रवार, ४ जुलै

आज समितीची पुढची सभा. पहिला विषय नेहमीचाच, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. कायम होईपर्यंत ते माझं टाचण असतं. कायम झालं की तेच घडलेलं असतं. पन्नास वर्षांनी कोणी हा गठ्ठा सोडला तर त्याला एवढंच सापडेल की १९ जूनला पाच जणांनी एकमताने ठरवलं. तो बिचारा थांबेल, आणि बरोबर ठिकाणी थांबलो असं त्याला वाटेल.

मी सकाळी आरशापुढे वाक्य पाठ केलं होतं. ‘मॅडम, पाचव्या विषयात माझ्याकडून एक चूक झाली आहे.’ दहा वेळा म्हटलं. आईने बाहेरून विचारलं, कोणाशी बोलतेयस? मी म्हटलं, पाठांतर. ती म्हणाली, या वयात?

वाचायचं मलाच होतं. पाचव्या विषयाशी आले तेव्हा माझा आवाज उलट मोठा झाला. ‘सर्वानुमते मान्य’ मी असं वाचलं, जणू बातम्या देतेय. मॅडमनी विचारलं, कोणाला काही दुरुस्ती?

मी कागदसरांकडे पाहिलं. आता ऐकलं असेल. आता बोलतील, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. हे मी विचार केला तसंच लिहितेय.

त्यांनी हात वर केला. म्हणाले, सभा संपल्याची वेळ चार पन्नास अशी हवी, सचिवांना मी आधीच सांगितलं आहे. क्रियापदवाले म्हणाले, वा सर, वेळ मात्र मोजता येते. जोडी हसली. सरही हसले. म्हणाले, हो, कोण कधी आलं, कधी गेलं, तेवढं घड्याळाला कळतं.

मॅडम पेन शोधत होत्या. त्यांनी सही केली. कायम.

मी सगळा वेळ टेबलाच्या कडेवरची एक चीर पाहत होते. कागदसरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आज एकदाही नाही.

शनिवार, ५ जुलै

२३ जूनच्या नोंदीत एक दुरुस्ती. मी तिथे लिहिलं आहे, ‘परत आल्यावर त्यांनी काही विचारलं नाही.’ विचारलं होतं.

सभा संपून सगळे उठत होते. ते माझ्या खुर्चीशी वाकून हळूच म्हणाले, “आपल्या विषयाचं कधी घ्यायचं ठरलं?”

मी म्हटलं, “ते झालं, सर.”

“झालं?”

“हो. तुम्ही खाली गेला होतात तेव्हा.”

त्यांनी मान डोलावली. फाईलची नाडी सुटली होती ती बांधली, दोनदा गाठ मारली आणि जिना उतरून गेले. उतरताना कठड्याचा आधार घेत होते.

म्हणजे त्यांना तेव्हापासून ठाऊक आहे. नजरेतून सुटलं, शाई फिकी होती, हे सगळं मी स्वतःसाठी रचलं. मग त्यांनी सही का केली? काल का बोलले नाहीत? दुखावले असतील, माझं तोंडही पाहायचं नसेल. दुसरं कारण मला सुचत नाही.

आज सुट्टी. आई मटार सोलत होती. मी शेजारी बसले. दादाचा फोन आला, आईने तो मोठ्या आवाजावर ठेवला. दादाच्या मुलीचे भागाकार सुरू झाले आहेत आणि दादाला ते येत नाहीत, यावरून आईने त्याला धारेवर धरलं. दादा म्हणाला, माझा काय दोष, तुझ्या शाळेत ज्या दिवशी भागाकार झाले त्या दिवशी मी जेसीबी बघायला गेलो होतो. आणि आई खो खो हसायला लागली.

ही गोष्ट आमच्याकडे पाहुण्यांना सांगितली जाते. मी सात वर्षांची, दादा नऊचा. बाहेर नव्या पुलाचा पाया खणत होते, दादा खिडकीतून पसार झाला. आईची पाठ आमच्याकडे होती, ती पोळ्या लाटत शिकवत होती. तिने विचारलं, समजलं का दोघांना? मी म्हटलं, हो, दोघांना. पुढच्या वर्षी परीक्षेचा कागद दिला तेव्हा उघडकीला आलं की दादाला भागाकाराचं चिन्हसुद्धा ओळखीचं नाही.

दादा म्हणाला, आमच्या पंडिताला तेव्हापासून सगळ्यांच्या वतीने उत्तर द्यायची सवय. आई म्हणाली, गुणी होती रे, तिला वाटलं असेल धडा थांबू नये. मी हसले. मटाराची एक शेंग हातात तशीच राहिली.

मला आठवतं, मी का म्हटलं होतं. धडा थांबू नये म्हणून नाही. ‘दादा कुठे आहे’ असं आईने विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं, आणि तिने वळून पाहिलं असतं.

फोन ठेवल्यावर आईने विचारलं, तुझं काय बिनसलंय? मी म्हटलं, काही नाही, कामाचं. तिने मटाराची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, रिकाम्या हाताने बसू नकोस, त्याने वाढतं.

बुधवार, ९ जुलै

आज सगळं सांगायचं असं ठरवून कागदसरांच्या खोलीत गेले. ते कपाटाशी उभे राहून फायली उतरवत होते. टेबलावर अभिलेखागाराचं पत्र होतं. हा विषय पुढच्या वर्षी नसल्यास विद्यार्थ्यांसाठी राखलेलं बुधवारचं लांब टेबल आम्ही इतरांना देऊ, कृपया कळवावे. सर म्हणाले, त्यांचंही बरोबर आहे, जागा अडवून कशी ठेवायची. यंदाची एकोणीस मुलं शेवटची.

मी म्हटलं, सर, १९ तारखेचं इतिवृत्त. एवढंच म्हटलं.

“आत्ता नको,” ते म्हणाले. “पुढच्या आठवड्यात ये. गुरुवारी. मग सावकाश बोलू.”

मी म्हटलं, पण शुक्रवारी अभ्यास मंडळ आहे. ते म्हणाले, असू दे, गुरुवारीच ये. आणि विषय बदलला. मला खाली खणातून सुतळी काढायला सांगितली. त्यांना ऐकायचं नाही, हे मला स्पष्ट कळलं. माणूस इतका दुखावला की माफीही नकोशी होते.

सुतळी देताना ती तपकिरी फाईल दिसली. त्या दिवशी आणलेली. नाडीची दुहेरी गाठ तशीच होती. सर म्हणाले, सोड ती, आतली पानं बांधून अभिलेखागाराला द्यायची आहेत, तिथेच बरी. मी गाठ सोडली.

पानं वर्षांनुसार लावलेली होती, सर्वांत नवं वर. सरांच्या हाताखालची कोणतीच गोष्ट उलटसुलट नसते. तरी सर्वांत वर आठ वर्षांपूर्वीचं एक पान होतं, आणि त्यावरचं गिरवल्यासारखं अक्षर माझं होतं.

ते पान मी जवळजवळ विसरलेच होते. माझ्या गठ्ठ्यात एका पथकर नाक्याचा हजेरीपट होता. त्यातला एक वसुली कारकून सलग अकरा दिवस गैरहजर होता, आणि त्या अकरा खुणा वेगळ्या शाईत होत्या. मी लिहिलं होतं, ‘हा माणूस त्या अकरा दिवसांत कुठे होता हे मला कळलं नाही. आजारी असेल असं मी लिहिणार होते. चार वेळा लिहून पाहिलं. पण त्याला आधार नाही. तो हजर नव्हता आणि त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी लिहिलं, एवढंच कागद सांगतो. मी इथे थांबते.’

खाली सरांची शिसपेन्सिल. ‘इथे थांबायला धीर लागतो. शाबास.’

मी ते वाचत असताना सर खिडकीकडे तोंड करून सुतळी मोजत होते. एवढीशी सुतळी मोजायला त्यांना फार वेळ लागला.

फाईल हाताळताना कधीतरी पानं मागेपुढे झाली असतील, म्हणून माझं वर आलं असेल. मी ते त्याच्या वर्षात नेऊन ठेवणार होते, पण सर म्हणाले, राहू दे तसंच.

गुरुवार, १० जुलै

मॅडमनी बोलावून अहवालाचा मसुदा दाखवला. दाखवायची पद्धत नाही, पण त्यांनी दाखवला. ‘नोंदी अचूक व विश्वासार्ह’ असं एक वाक्य आहे. मी घाबरून म्हटलं, मॅडम, हे जरा जास्त होतंय. त्या म्हणाल्या, अगं, विनय पुरे, बुधवारी सही करते आणि पाठवते. नंतर कागदांवर ठेवायचा काचेचा गोळा गोल फिरवत एकदम म्हणाल्या, कागदसर माझ्याबद्दल काही म्हणाले का गं? मी म्हटलं, नाही. मग म्हणाल्या, त्यांनी मला वर्गात शिकवलंय, तुला माहीत आहे? सगळ्यांनाच त्यांनी शिकवलंय. हीच तर पंचाईत आहे.

१९ तारखेला मॅडम दाराकडे पाहत होत्या का, विषय उरकताना? मला आठवत नाही. मी घड्याळाकडे पाहत होते. इथे काही लिहू नये.

दिवसभर ‘अचूक व विश्वासार्ह’ हे शब्द चपलेत खडा जावा तसे टोचत राहिले.

रविवार, १३ जुलै

सकाळी आईला सांगितलं. सगळं, तिन्ही खोटी वाक्यं, चीर पाहत बसले ते, हायसं वाटलं ते. ती भांडी पुसत होती. मला वाटलं, म्हणेल की एवढं काय मनाला लावून घेतेस. ती म्हणाली, “वही कायम झाली म्हणजे काय? रेघ मारायला जागा उरत नाही का?”

मी म्हटलं, उरते. सचिव लेखी दुरुस्ती देऊ शकतो. ती इतिवृत्ताला जोडून अभ्यास मंडळापुढे जाते. मंडळ विषय परत समितीकडे पाठवू शकतं. पाठवेलच असं नाही.

ती म्हणाली, मग मला काय विचारतेस? आणि थोड्या वेळाने, पुसलेलं ताट परत पुसत, म्हणाली की दादाला ती आजही जे सांगत नाही ते हे, की तिने तेव्हाच वळून पाहायला हवं होतं. खुर्ची रिकामी झाल्याचा आवाज तिला आला होता. पोळी तव्यावर होती.

दुपारी मी दुरुस्ती लिहिली. चार वाक्यं आहेत. पाचव्या विषयाचा निर्णय झाला तेव्हा त्या विषयाचे शिक्षक तीन चाळीस ते तीन बावन्न खोलीत नव्हते. विषय मोजता येतो याचा पुरावा आणायला ते समितीच्या परवानगीने गेले होते. तो पुरावा समितीने पाहिला नाही. ‘सर्वानुमते’ हा शब्द सचिवांनी घातला, तो मागे घ्यावा. मॅडमनी घाई केली असं लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही, कारण त्या बारा मिनिटांत त्यांच्या मनात काय होतं हे मला माहीत नाही. माझ्या मनात काय होतं ते माहीत आहे, पण ते इतिवृत्तात बसत नाही. ते इथे आहे.

मग खाली लिहिलं, कधी द्यायचं. गुरुवार, १७ जुलै. गुरुवार सोयीचा आहे. शुक्रवारच्या मंडळाआधी दुरुस्ती पोचते. सरांनीही गुरुवारच सांगितला आहे. लिहून झाल्यावर कॅलेंडर पाहिलं. बुधवारी सोळा. बुधवारी मॅडम अहवालावर सही करणार, ‘अचूक व विश्वासार्ह’ यासकट, आणि गुरुवारी सकाळी मी त्यांना सांगणार की ते खरं नाही. म्हणजे सगळं मिळवून झाल्यावर खरं बोलायचं. हे आधीच्या तिन्ही खोट्यांपेक्षा वाईट दिसतं.

आणि सरांनी गुरुवार का सांगितला. २७ जूनला त्यांनी विचारलं होतं, कायम होण्याचं काय. मला आता वाटतंय की मला कळलं. पण त्यांनी तोंडाने काही सांगितलेलं नाही, त्यामुळे ते लिहायला मला आधार नाही. इथे थांबते. हा तेवढा भाग मला त्यांनीच शिकवला आहे.

‘गुरुवार, १७ जुलै’ यावर एक रेघ मारली. खालचं वाचता येतं. शेजारी आजची तारीख घातली.

मॅडम साडेनऊला येतात. दहाला त्यांचा तास असतो. अर्धा तास पुरेल. प्रत त्यांच्या हातात द्यायची, टेबलावर ठेवून निघून यायचं नाही. त्या चष्म्यावरून पाहतील तेव्हा आपणही त्यांच्याकडे पाहायचं, घड्याळाकडे नाही.

दुरुस्ती द्यायची नवी तारीख: मंगळवार, १५ जुलै.